मोडलं न्हाई, सुटलंय

पूर ओसरल्यावर घराचं कुलूप काढलं की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या जुन्या घरात शिरलो तेव्हा गाळ, फुगलेले तांदूळ आणि ओल्या गाद्या यांचा मिळून एकच वास येत होता. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात नदी ५५ फुटांच्या वर गेली होती. शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी, त्यामुळे पुण्याकडून येणारं सगळं अडकलेलं. आमच्या खालच्या मजल्यात पाणी छातीइतकं चढलं आणि चार दिवस हललं नाही.

माजघरातल्या भिंतीत एक फडताळ आहे. त्याच्या तळच्या खणात, जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं बाहुलीघर असायचं. लुगड्याची गाठ सोडली तर आत घर नव्हतंच. फळ्या होत्या. लहानमोठ्या मिळून एकेचाळीस, आणि प्रत्येकीवर नदीचा करडा लेप.

पेठेत तेव्हा दारोदार ढीग लागले होते. गाद्या, वह्या, फ्रीज, देवांच्या तसबिरी, लग्नाचे अल्बम. आमच्या ढिगावर बाबांनी त्या फळ्याही नेऊन टाकल्या. त्यांचं काही चुकलं असं म्हणवत नाही. माणसांना अंग टाकायला कोरडी चटई नव्हती. बाहुलीच्या घराचं कोण घेऊन बसणार?

दुपारी फुगलेली दारं बघायला मेस्त्री आले. दारात पाऊल टाकायच्या आधी ढिगापाशी थबकले, एक फळी उचलली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला, मग वास घेतला.

“ताई, ह्ये मोडलं न्हाई. सुटलंय.”

मला फरक कळला नाही. त्यांनी दुसरी फळी काढली, पहिलीच्या खाचेत तिची जीभ बसवली. खट् आवाज न करता ती आत गेली. “मोडल्यालं आन सुटल्यालं येगळं असतंय. मोडलं तर लाकूड फाटतंय. सुटलं तर नुसता सरस जातोय. सरस काय, परत लावता येतोय.”

फळ्या पुन्हा घरात आल्या. पुढची सहा वर्षं त्या एका वाक्याचा अर्थ लावण्यात गेली.

*

आधी घर कसं होतं ते सांगायला हवं. रुंदी तीन फूट, उंची अडीच फूट, खोली पंधरा इंच. पुढची भिंत कपाटासारखी दोन दारांनी उघडते. बाहेरून ते अगदी साहेबी: टोकदार कमानींच्या खिडक्या, उतरतं छप्पर, दोन्ही टोकांना निमुळते मनोरे. दारं उघडली की आत मात्र वाडा. ओसरी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर. भिंतीच्या पोटातून वर जाणारा अंधारा जिना. वर दोन खोल्या. आणि माजघराच्या तुळईला टांगलेला झोपाळा.

असला दर्शनी भाग ते घडवणाऱ्या मेस्त्र्याने कुठून उचलला असेल, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. टाउन हॉल बागेत जाऊन उभं राहायचं, पुरे. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज अभियंत्याने १८७० च्या दशकात तो टाउन हॉल बांधला. नवा राजवाडाही त्याच्याच आराखड्याचा, १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिलेला. कोल्हापूरच्या सुतारांच्या दोन-तीन पिढ्या या इमारती बघत, त्यांची दारं-खिडक्या दुरुस्त करत वाढल्या. बघून घडवणं हा तर या गावाचा जुना नाद. बाबूराव पेंटर मूळचे बाबूराव मेस्त्री. त्यांनी आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी परदेशी कॅमेरा समजून घेऊन स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबूरावांनी काम तडीस नेलं आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. आमच्या बाहुलीघराचा कर्ता कोण ते घरात कुणाला ठाऊक नाही. पण साहेबाचं दार आणि आत आपलं माजघर, ही त्याची अक्कल मला त्याच गावठाणातली वाटते.

त्याने आपलं नाव मागे ठेवलं नाही, पण खुणा ठेवल्या. गाळ धुतल्यावर प्रत्येक सांध्याजवळ पटाशीने मारलेल्या बारीक रेघा दिसल्या. एका फळीच्या टोकाला तीन रेघा, तर दुसरीच्या खाचेपाशीही तीन. चारला चार, पाचला पाच. जोडताना गोंधळ होऊ नये म्हणून सुतार अशा खुणा करतात आणि सांधा बसला की त्या आत झाकल्या जातात. घर धड होतं तोवर त्या कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. पुराने ते उकललं तेव्हा जोडणीचा कागद आपोआप हातात आला.

त्याच वेळी मी एक यादीही केली: काय काय बिघडलंय. मागची फळी वाकलेली. डाव्या दाराची बिजागरी गायब. झोपाळ्याची साखळी तुटलेली. माजघराच्या भिंतीवर कापडाच्या ताग्याचं रंगीत तिकीट चिकटवलेलं होतं, त्याचा लाल काठाचा एक कोपरा तेवढा उरलेला. स्वयंपाकघर रिकामं, चूल हरवलेली. आणि पुढच्या पायरीवर रुपयाएवढा जळका डाग. त्यापुढे मी लिहिलं होतं: ‘घासून काढणे.’

*

बाहुलीघर ही मुळात आपली वस्तू नाही. युरोपातलं सर्वांत जुनं नोंदलेलं बाहुलीघर बव्हेरियाच्या पाचव्या आल्ब्रेख्त या ड्यूकने १५५८ च्या सुमारास करवून घेतलं. ते पुढे आगीत गेलं. अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये पेट्रोनेला ऑर्टमन या श्रीमंत बाईचं बाहुलीघर आहे, १६८६ ते १७१० च्या दरम्यान सजवलेलं. त्यात कुणी मूल कधी खेळलं नाही. बाई पाहुण्यांना दारं उघडून आपलं वैभव दाखवत. इंग्लंडच्या मेरी राणीसाठी नवी दिल्लीवाल्या लट्येन्सने १९२१ ते १९२४ मध्ये जे घर रचलं, त्याचं प्रमाण काटेकोर, बारास एक. त्यात नळाला पाणी येतं, लिफ्ट चालते, ग्रंथालयातली पुस्तकं नामांकित लेखकांनी स्वहस्ते लिहिलेली. तेही बघायचंच.

आपल्याकडच्या मुलींजवळ होती ती भातुकली. चूल, जातं, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, सूप, रोळी, बंब. पितळेचा, दगडाचा, लाकडाचा सगळा संसार, फक्त घर सोडून. घर म्हणजे पडवीचा कोपरा, नाहीतर अंगणात काडीने ओढलेली रेघ. पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात किंवा विलास करंदीकर यांनी जमवलेल्या भातुकलीसमोर उभं राहिलं की हे लख्ख दिसतं. भांड्यांचे चाळीस प्रकार असतील, पण भिंत एकही नाही. बाहुली असली तर ती ठकी: लाकडाच्या एका ठोकळ्यातून काढलेली, रंगवलेली, ठणठणीत. तिला ना खुर्ची लागे ना पलंग.

आमच्या घरात मात्र या दोन्ही गोष्टी एका फडताळात नांदत होत्या. त्यांचा एकमेकींशी काय संबंध होता हे विचारायचं मला सहा वर्षं सुचलं नाही.

*

ओलं लाकूड बघितलं की माणूस ते उन्हात टाकतो. मेस्त्रींनी पहिल्या दिवशी तेवढंच बजावलं: ऊन नको. लाकूड फुगतं ते रुंदीला, लांबीला जवळजवळ नाही. वरचा थर झटक्यात सुकला आणि पोट ओलंच राहिलं तर फळी वाकते, चिरते. म्हणून आधी स्वच्छ पाण्याने गाळ काढायचा, मग सावलीत, वारा खेळेल अशा जागी, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून चळत रचायची. वर वजन म्हणून आमच्याकडे पाटे आणि वरवंटे होतेच. बुरशीचे पांढरे ठिपके दिसले की तोंडाला फडकं बांधून, घराबाहेर नेऊन, कोरड्या ब्रशने झटकायचे. सांगाड्याचं सागवान असं निघालं की जणू काही झालंच नाही. त्याच्या अंगात तेल असतं. मधल्या फळ्या आंब्याच्या होत्या. त्यांनी मात्र चांगलीच नाटकं केली. मागची फळी खोक्याच्या देवदाराची होती. ती पापडासारखी वळली आणि अजून थोडी वळलेलीच आहे.

या वाट बघण्याच्या काळात मी फ्लॉरेन्सबद्दल वाचलं आणि जरा धीर आला. ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी त्या गावात शिरली. सांता क्रोचे चर्चच्या संग्रहालयात जॉर्जो वासारीने १५४६ मध्ये लाकडी फळ्यांवर रंगवलेलं ‘लास्ट सपर’ बारा तासांहून अधिक काळ पाण्यात राहिलं. लाकूड फुगलं, सुकताना आकसलं. वरचा रंगाचा थर आकसेना, त्याच्या खपल्या निघू लागल्या. तेव्हाच्या लोकांनी रंगावर पातळ कागद चिकटवून तो जागेवर धरून ठेवला आणि चित्राच्या पाच फळ्या सुट्या करून ठेवून दिल्या. त्यांना ठाऊक होतं की हे दुरुस्त करायची विद्या अजून आपल्याजवळ नाही. ती यायला चार दशकं लागली. बरोबर पन्नास वर्षांनी, ४ नोव्हेंबर २०१६ ला, चित्र पुन्हा भिंतीवर लागलं. न येणारी दुरुस्ती उत्साहाच्या भरात न करणं, हाही दुरुस्तीचाच भाग, हे मी तिथून उचललं.

*

सरस म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांतून काढलेला डिंक. बाजारात मधाच्या रंगाचे खडे किंवा दाणे मिळतात. रात्री ते गार पाण्यात भिजत घालायचे. सकाळपर्यंत ते साबुदाण्यासारखे फुगतात. मग एका पातेल्यात पाणी तापवायचं, त्यात दुसरं छोटं भांडं ठेवायचं आणि त्यात सरस विरघळू द्यायचा. उकळी येऊ द्यायची नाही. उकळला की त्याची ताकद जाते. बोट जेमतेम सोसेल इतकाच गरम. वास असा की घरातली बाकी माणसं आपण होऊन माडीवर जातात.

मेस्त्री ब्रशने सांध्याच्या दोन्ही अंगांना सरस लावत आणि फळ्या बसवत. हातात वेळ मिनिटभराचा. तो गार झाला की चिकटायच्या आधीच थिजतो. एवढ्या छोट्या घराला त्यांचे शिकंजे फार मोठे पडत. म्हणून ते घराभोवती सुतळीचे दोन फेरे घालत, सुतळीत एक काडी अडकवत आणि ती पीळ देत फिरवत. फेरा आवळत जाई, सांध्यातून सरसाचा एक थेंब बाहेर येई. थेंब आला की थांबायचं. कोमट पाण्याच्या फडक्याने तो टिपायचा. ही कृती मी निदान तीसदा पाहिली. थेंब यायच्या क्षणी दर वेळी मेस्त्रींचं बोलणं बंद होत असे.

नवा सरस जुन्या सरसाशी एकजीव होतो, हा त्याचा मोठा गुण. दुसरा गुण म्हणजे ऊब आणि ओल मिळाली की तो सोडतो. पुरात त्याने नेमकं तेच केलं. चार दिवस पाण्यात राहिल्यावर सांध्यांनी ओढाताण केली नाही, हात सोडून दिला, आणि म्हणून लाकूड वाचलं.

अपवाद जिन्याचा. जिन्याजवळ लाकडाच्या ढलप्या निघाल्या होत्या, दोन पायऱ्या उभ्या चिरल्या होत्या. कारण सांध्यात दिसत होतं: पांढरट, रबरासारखा थर. जिना कधीतरी निघाला असेल आणि घरातल्याच कुणीतरी पांढऱ्या गोंदाने तो पक्का केला असेल. आपल्याकडे फेविकॉल आला १९५९ मध्ये, म्हणजे ही दुरुस्ती त्यानंतरची. त्या गोंदाने सुतारांची शिजवण्यातून, वासातून सुटका केली; आज त्याच्याशिवाय एक खुर्ची उभी राहत नाही. खुर्चीचा सांधा कधीच सुटू नये, हेच बरोबर. पण इथे भोवतीच्या आंब्याच्या फळ्या फुगल्या, ढकलू लागल्या, सरसाचे सांधे सुटले आणि न सुटणारा तो एक जिना फाटला. शिवाय त्या थरावर सरस धरेना. मेस्त्रींनी पटाशीच्या टोकाने तो कण कण खरवडला. एवढ्याशा जिन्याला तीन दिवस लागले.

“पक्कं क्येलं म्हणून मोडलं,” ते म्हणाले. दोष त्यांनी कुणाला दिला नाही. नोंद केल्यासारखं बोलले.

*

मध्ये २०२० आलं आणि सगळं थांबलं. मग जुलै २०२१ मध्ये पुन्हा पाणी, या वेळी ५६ फुटांच्या वर. मेस्त्रींची बहीण सुतारवाड्यात राहते. जयंती नाल्याकाठची ती वस्ती. पंचगंगा चढू लागली की सगळ्यांत आधी तिथली माणसं हलवतात. बहिणीचं सामान हलवता हलवता त्यांनी मला फोन केला. पहिला प्रश्न, “ताई, घर वर न्हेलं न्हवं?” कुठलं घर ते विचारावं लागलं नाही. अर्धवट जुळलेलं बाहुलीघर आम्ही आदल्या रात्रीच माडीवर नेलं होतं. फ्रीजच्या आधी.

डाव्या दाराची बिजागरी अर्ध्या इंचाची. बाजारातली सगळ्यांत लहान बिजागरी तिच्या दुप्पट निघाली. शेवटी सराफांच्या गुजरीत गेले. साजाचे मणी-पानं घडवणाऱ्या, पत्र्यात लाख भरणाऱ्या कारागिराला अर्ध्या इंचाचं काय कौतुक? त्यांनी उजव्या दाराची बिजागरी भिंगातून पाहिली, पितळी पत्रा कापला, तारेची कडी ओवली. मी म्हटलं, जुनीसारखी काळपट करून द्या. त्यांनी मान हलवली. “कशाला? चाळीस वर्षांनी आपसूक होईल.” उजवीकडे काळी, डावीकडे पिवळी, अशी दोन दारं आता शेजारी आहेत. लांबून फरक दिसत नाही, जवळ गेलं की दिसतो.

दुरुस्ती लपवायची की दाखवायची, यावर जगात मोठा वाद झालेला आहे. इटलीच्या चेझारे ब्रांदी यांनी १९६३ मध्ये आपल्या पुस्तकात मांडलं की भरलेली जागा लांबून एकरूप वाटावी, जवळून मात्र ओळखू यावी. गुजरीतल्या कारागिराने ते पुस्तक वाचलेलं नसणार. त्यांचं उत्तर तेच निघालं.

पुराची रेघ आम्ही ठेवली. सगळ्या भिंतींवरून, आतल्या आणि बाहेरच्या, छपराच्या खाली दोन बोटांवर एक तपकिरी रेषा गेली आहे. गाळ सगळा निघाला, ही नाही निघाली. रंधा मारला तर जाईल. पण सोबत कर्त्याने केलेली कमानींची बारीक नक्षीही जाईल. तिकिटाचा लाल कोपराही तसाच आहे. दुसरं कुठलं जुनं तिकीट तिथे डकवावं असं मला फार वाटत होतं. कुठल्या गिरणीचं ते कळायला मार्ग नाही, म्हणून हात आवरला.

चुलीच्या बाबतीत मात्र आवरला नाही. रिकामं स्वयंपाकघर बघवेना. प्रमाण काढायला बसले तर तेही जुळेना: दार सात इंचांचं, झोपाळा पाच इंच रुंद, जिन्याची पायरी मात्र अर्ध्या इंचाचीही नाही. बारास एक नाही, दहास एक नाही. एकच माप सगळीकडे लागू पडलं. सात-आठ वर्षांच्या मुलीने कोपरापर्यंत हात आत घातला की तिची बोटं मागच्या भिंतीला टेकतात. कर्त्याने घर बाहुलीच्या मापाने केलं नव्हतं, खेळणारीच्या हाताच्या मापाने केलं होतं.

चूल शोधत मी सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊन आले. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, लाखेच्या रंगांची सुरेख बैठी चूल मिळाली. पण ती नवीकोरी, लालभडक. त्या स्वयंपाकघरात ती पाहुणी वाटे.

*

गेल्या दिवाळीत थोरली आत्ती इचलकरंजीहून आली. वय नव्वदीला टेकलेलं, कान गेलेले, नजर शाबूत. जुळलेलं घर ओसरीवर मांडलं होतं, पोरांच्या मातीच्या किल्ल्याशेजारी. पायरीवरचा जळका डाग तेवढा घासायचा बाकी होता; पॉलिश पेपर मी तिथेच आणून ठेवला होता.

आत्तीने दारं उघडली, झोपाळ्याला बोटाने झोका दिला. मग स्वयंपाकघरातली लाल चूल चिमटीत धरून बाहेर काढली. “ही कुठली?”

हरवलेल्या चुलीच्या जागी आणली, म्हणून तिच्या कानात ओरडून सांगितलं. ती हसायलाच लागली. कोल्हापूरच्या जुन्या बायका स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात, तशीच बोलली: “आत कुठं चूल असती व्हय? पेटवली तर घर जळंल की! मी हितं भाईर बसायचो. भातुकलीतली पितळंची चूल ह्या पायरीला टेकवायची, काडक्या घालायच्या, खरा भात शिजवायचो. मग घरातल्यांना आत न्हेऊन वाढायचो.” तिचं बोट पायरीवरच्या जळक्या डागावर थांबलं. “ह्यो त्येचाच. पेटवली मी, आन मार खाल्ला दादानं.”

एवढी वर्षं मी त्या डागाला बिघाडांच्या यादीत धरलं होतं. तो त्या घराचा स्वयंपाक होता. चूल हरवली नव्हती. ती कधी आत नव्हतीच. साहेबी घर आणि मराठी भातुकली यांचा सांधा त्या पायरीवर होता, आणि मी तो घासायला निघाले होते. मोडलेलं आणि सुटलेलं यांतला फरक मेस्त्रींनी पहिल्याच दिवशी शिकवला होता. वापरलेलं म्हणून आणखी एक असतं, ते ओळखायला वापरणारं माणूस जवळ बसावं लागतं.

पॉलिश पेपर कपाटात गेला. फडताळातून भातुकलीचा डबा निघाला. पितळेची चूल चिंचेने घासून भाचीने पायरीला टेकवली. घराच्या मानाने ती भलतीच मोठी, दार निम्मं झाकलं गेलं. आत्तीने काडक्या मागितल्या. बाबा पाण्याची बादली घेऊन येऊन बसले.

भात कच्चा राहिला. सगळ्यांनी तो खाल्ला.